आई खिडकीशी भांडल्या

माझे सासरे आयुष्यभर बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसले. कुठली बस कुठल्या फलाटाला लागेल, शेवटची गाडी चुकली तर काय करायचं, बाळाच्या दुधासाठी गरम पाणी कुठे मिळेल, हे सांगणं म्हणजे त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण एक खोड मागे उरली. दुसऱ्या कुठल्याही खिडकीतून उडवाउडवीचं उत्तर आलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. मग बँक असो, दवाखाना असो, नाहीतर फ्रिज दुरुस्त करणारी कंपनी असो. शिवी ते कधी देत नाहीत. फक्त प्रश्न विचारतात. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा, आणि तेही फलाटावरच्या गोंगाटात कमावलेल्या आवाजात. समोरचा रडकुंडीला येतो, आजूबाजूला माणसं जमतात, आणि सासूबाई मागून त्यांच्या शर्टाची कड ओढत म्हणत राहतात, "अहो, जाऊ द्या ना. जाऊ द्या हो."

सासूबाईंनी लग्नापासून हे एकच वाक्य म्हटलंय असं माझा नवरा म्हणतो. आमच्या आई म्हणजे अगदी मऊ माणूस. भाजीत मीठ जास्त पडलं तर भाजीलाच वाईट वाटेल म्हणून बोलणार नाहीत.

तर झालं असं, की माझ्या मुलीच्या, टिटवीच्या, बुटांवरून बाबा, म्हणजे माझे सासरे, एकदा दुकानात भांडले. टिटवी हे काही तिचं खरं नाव नाही. पण झोप सोडली तर तिचं तोंड बंद नसतं, म्हणून तेच पडलं. बूट एका पायाचा लहान, एका पायाचा मोठा निघाला होता, म्हणजे चूक दुकानाचीच होती. पण बाबांनी दुकानदाराला असं काही धारेवर धरलं की अख्खं दुकान गोळा झालं, आणि त्यात टिटवीच्या वर्गातली मैत्रीण आपल्या आईबरोबर उभी. घरी येईपर्यंत टिटवी एक शब्द बोलली नाही. टिटवी बोलत नाही म्हटल्यावर आमच्या सगळ्यांची पाचावर धारण बसली.

वाढदिवसाला तिला तळ्यावरच्या वॉटर पार्कला जायचं होतं. गावाबाहेर मोठं तळं आहे, त्यात हवा भरलेले डोंगर, पूल, घसरगुंड्या तरंगत ठेवल्यात, आणि वरून माणसं धपाधप पाण्यात पडतात. जाहिरातीत तरी सगळे हसत पडत होते. आदल्या दिवशी ती बाबांसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, शब्द दे. तिथे काम करणाऱ्या कुणाशीही तू भांडायचं नाहीस."

"नाही भांडणार."

"बोलायचंही नाही. तुझं बोलणं म्हणजेच भांडण असतं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईंकडे पाहिलं. आम्ही दोघींनी छताकडे पाहिलं. "दिला शब्द," ते म्हणाले.

नवऱ्याची त्या दिवशी कामावर पाळी होती, त्यामुळे आम्ही चौघंच निघालो. पाण्यात मी आणि टिटवी उतरणार, बाबा आणि आई काठावर बसून डबा आणि पिशव्या सांभाळणार असं ठरलं होतं. पण काठावर बसणाऱ्यालाही पुरं तिकीट काढावं लागतं, असं फोनवरच्या बाईंनी बजावलं होतं. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. बाबांना हे मी सांगितलं तेव्हा त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते फक्त "बरं" म्हणाले.

तळं सुरेख होतं. पाणी हिरवं, शांत, आणि मधोमध ते पिवळे-निळे डोंगर डुलत होते. काठावर लाकडी खोपटासारखं एक ऑफिस, त्याला काचेची खिडकी, आणि काचेला बोलण्यासाठी एक गोल भोक. ते भोक इतकं खाली होतं की बोलणाऱ्याला कमरेत वाकावं लागे. आत निळी टोपी घातलेली एक मुलगी बसली होती, कॉलेज नुकतंच संपलं असेल इतकी लहान.

"मनगटाच्या पट्ट्या इथे नाहीत, मागच्या खिडकीवर," ती म्हणाली.

मागच्या खिडकीवर कुणी नव्हतं. एक पंखा गरागरा फिरत होता आणि खुर्चीवर कुणाचा तरी रुमाल होता. आम्ही उभं राहिलो. आमच्या मागे आणखी लोक उभे राहिले. रुमालाचा मालक काही आला नाही. शेवटी मी पुढे जाऊन पुन्हा वाकले.

"तिथे कुणीच नाहीये."

"हो का? मग इथेच देते," ती म्हणाली, आणि टेबलाखालून पट्ट्यांचा गठ्ठा काढला.

मी बाबांकडे पाहायचं टाळलं. ते बदकांकडे बघत होते. फार मन लावून बघत होते.

मग सुरक्षेचा व्हिडिओ. तो पाहिल्याशिवाय पाण्यात सोडत नाहीत. एका मांडवाखाली पडद्यावर एक माणूस हात हलवून काहीतरी सांगत होता, पण आवाज येत नव्हता. अर्ध्यावर पडदाही गोठला. माणूस तोंड उघडून तसाच थांबला. आम्ही सगळे त्याच्या पडजिभेकडे बघत बसलो. टिटवीने विचारलं, "आई, हा काय म्हणत असेल?" मी म्हटलं, "बुडू नका म्हणत असेल."

मांडवात बसलेल्या एका बाईने बाबांना विचारलं, "काका, कपडे बदलायची जागा कुठेय हो?" बाबांनी टिटवीकडे पाहिलं. ती बाई पार्कमध्ये काम करत नव्हती, म्हणजे तिच्याशी बोलणं शब्दात बसत होतं. टिटवीने मान डोलावली. बाबांचा चेहरा असा उजळला म्हणता! "या मांडवातून बाहेर पडा, डावीकडे नळ लागेल, नळावरून पुढे. पहिल्या दाराला कडी नाही, दुसऱ्यात जा." ते आल्याआल्या सगळीकडे एक चक्कर मारून आले होते. मग आणखी एकाने विचारलं, मग एका जोडप्याने. बाबा बाकावर बसून माहिती देऊ लागले आणि त्यांची तब्येत जरा सुधारली.

पण लाइफ जॅकेटांपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. लहान मुलांच्या मापाचं एकही जॅकेट शिल्लक नव्हतं. आतल्या मुलांची बाहेर आली की मिळतील, असं तिथला माणूस म्हणाला आणि दुसऱ्या कामाला निघून गेला. आतली मुलं बाहेर येईनात. का यावं त्यांनी? टिटवी पोहण्याच्या कपड्यांत काठावर उभी, मनगटाला पट्टी, आणि समोर लोक हसत धपाधप पडताहेत, अगदी जाहिरातीतल्यासारखे. तिचं बोलणं हळूहळू कमी व्हायला लागलं. आईंनी ते माझ्याआधी ओळखलं. त्यांनी पिशवीतून टॉवेल काढून तिच्या खांद्यावर टाकला.

जॅकेट मिळालं तेव्हा शिट्टी वाजली. पाण्यातली आमच्या गटाची वेळ संपली होती.

मी पुन्हा खिडकीशी गेले. "अहो, आम्ही पाण्यात उतरलोच नाही. जॅकेटच नव्हतं."

निळ्या टोपीने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "तुम्ही आलात असं दिसतंय, मॅडम. पट्टी घेतली की वेळ सुरू होते."

"पण जॅकेट तुम्हीच दिलं नाहीत."

"ते जॅकेटवाल्यांकडे विचारा."

"त्यांनी तुमच्याकडे पाठवलं."

"मग मला पुढचं बुकिंग बघावं लागेल. पण आज सगळं भरलंय. तुम्ही ऑनलाइन तक्रार टाका ना."

मी मऊ लागलं म्हणून कोपराने खणणाऱ्यांपैकी नाही आणि कठीण दिसलं की डोकं आपटणाऱ्यांपैकीही नाही. मी हात टेकले. मागे वळले तर बाबा माझ्या मागेच उभे. खिडकीवर नियमांचा एक फलक लावला होता, तो ते वाकून वाचत होते. ओठ घट्ट मिटलेले, कान टोमॅटोसारखे, आणि मानेवरची शीर टणटण उडतेय. पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. त्यांच्यामुळे मागच्या लोकांना खिडकी दिसत नव्हती एवढंच.

निळी टोपी काचेमागून आईंना म्हणाली, "काकू, आजोबांना जरा बाजूला बसवा ना. त्यांना यातलं काही कळायचं नाही, उगाच गर्दी होतेय."

ती वाईट हेतूने बोलली नाही. दमून गेली होती बिचारी. पण आईंच्या हातातली डब्याची पिशवी खाली गेली. म्हणजे त्यांनी ती टाकली.

"कुणाला कळायचं नाही?" आई म्हणाल्या.

मी आईंचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. बाबांनीही ऐकला नसावा, कारण ते फलक सोडून वळले.

"कुणाला कळायचं नाही म्हणालीस? या माणसाला? अख्खं गाव यांना विचारून गावाबाहेर जायचं! आणि सकाळपासून तुमच्या लोकांना बाथरूम कोण दाखवतंय? हे! तुमचा तो व्हिडिओ, त्याला आवाज नाही. तुमच्या मागच्या खिडकीत नुसता रुमाल बसवलाय. जॅकेट नाही म्हणता, आणि वर आमचीच वेळ संपली म्हणता? पोरीचा वाढदिवस आहे! आणि तुमच्या त्या दाराला कडी नाही, मी एका हाताने दार धरून..." इथे त्या अडखळल्या. आईंना भांडायची सवय नाही. भांडणाला एक चाल असते, चढायचं कुठे, थांबायचं कुठे. त्या एका दमात चढल्या होत्या आणि आता उतरायची वाट सापडत नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्या वळल्या आणि सगळ्यांदेखत बाबांना म्हणाल्या, "अहो, पुढे काय म्हणायचं असतं?"

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. दिला शब्द तो दिला शब्द. त्यांनी नुसता आईंचा हात धरला.

मागे रांगेत कुणी हसलं नाही. एक म्हातारे गृहस्थ तर "बरोबर आहे" असंही पुटपुटले.

टिटवी टॉवेल सावरत पुढे आली. "आजोबा, बोल," ती म्हणाली. "आता बोल. मी तुला शब्दातून सोडलं."

आता खिडकीची काही धडगत नाही असं मला वाटलं. इतक्या तासांचं साठलेलं होतं, धरण फुटल्यासारखं येणार. बाबा कमरेत वाकले, तोंड त्या भोकाशी नेलं. आतली मुलगी मागे सरकली. तिच्या टोपीखालून घाम ओघळत होता, आणि टेबलावर तिचा डबा न उघडलेला पडला होता.

बाबांनी त्या डब्याकडे पाहिलं.

"बाळ," ते म्हणाले, "एकटीच आहेस का आज?"

मुलीने मान हलवली. "दोघं आलेच नाहीत. मी नवीन आहे, आजोबा. मला जे सांगितलंय तेच मी म्हणतेय. माझ्या हातात काही नाही."

"माहितेय मला. माझ्याही हातात कधी काही नव्हतं. गाडी उशिरा यायची ती ड्रायव्हरमुळे, शिव्या मी खायचो." बाबांचा आवाज अगदी खाली आला होता. भोकाजवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "कुणाच्या हातात आहे?"

"मॅनेजर साहेबांच्या. पण ते पाण्यावर आहेत. एक डोंगर गळतोय, तो चिकटवायला गेलेत. वॉकीटॉकीवर बोलावलं तर म्हणतात नंतर येतो."

"काय सांगून बोलावलंस?"

"प्रॉब्लेम आहे म्हणून."

"छे छे," बाबा म्हणाले. "प्रॉब्लेम म्हटलं की वरचा माणूस कधी येत नाही. प्रॉब्लेम रोजचेच. म्हणावं, खिडकीवर माणसं जमलीत. माणसं जमली म्हटलं की बघ कसे येतात."

मुलीने आमच्या मागच्या रांगेकडे पाहिलं. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरला.

मॅनेजर आला तो पळत. अर्ध्या चड्डीत, नखशिखांत भिजलेला, एका हातात गोंदाची नळी. तो बोलायला लागण्याआधीच आई पुढे झाल्या. या वेळी त्या रडल्या नाहीत. बाबा त्यांच्या मागे उभे होते, आणि एकदा मी पाहिलं, त्यांनी आईंच्या पदराचं टोक बोटात धरलं होतं, पण ओढलं नाही. मॅनेजर ऐकत होता, आणि ऐकताना गोंदाची नळी त्याच्या बोटांना चिकटत चालली होती. बाबांनी सबंध वेळात एकच वाक्य मध्ये घातलं: "ही पोरगी सकाळपासून जेवलेली नाही. आधी हिच्या जागी कुणाला तरी बसवा."

मॅनेजरने बोटं सोडवायचा प्रयत्न केला, सुटली नाहीत. "शेवटच्या गटाबरोबर सोडतो तुम्हाला," तो म्हणाला. "सगळ्यांना. जॅकेट मी स्वतः काढून ठेवतो."

"सगळ्यांना म्हणजे किती जणांना?" आईंनी विचारलं.

"तिकिटं आहेत तेवढ्यांना."

"माझंही तिकीट आहे," आई म्हणाल्या. मग स्वतःच दचकल्या. पण शब्द सुटला तो सुटला.

माझ्याजवळ एक जुना टी-शर्ट आणि सैल पँट जास्तीची होती. दुसऱ्या दारात कुणीतरी होतं, म्हणून कडी नसलेल्या दाराआड आई ते चढवत होत्या आणि बाहेरून मी दार धरून उभी होते. आतून त्यांचा आवाज आला, "ऐकतेस का गं? मला आजवर वाटायचं, हे भांडतात म्हणजे यांना बरं वाटत असणार. मोकळं वाटत असणार." थोडा वेळ कपड्यांची सळसळ. "काही बरंबिरं वाटत नाही. बिचारे." मी दार आणखी घट्ट धरलं.

शेवटच्या गटात आम्ही तिघी पाण्यात उतरलो. पाणी गार होतं, आई आधी "अगं अगं अगं" करत राहिल्या. टिटवी माकडासारखी डोंगर चढून गेली, वरून घसरली, पुन्हा चढली. आईंना तो डोंगर चढवेना. ओला रबर, धरायला एक दोरी. अर्ध्यावर जायच्या आणि सुळ्ळकन पुन्हा खाली. बाबा काठावरून ओरडायला लागले. फलाटावरचा तो आवाज साऱ्या तळ्यावर घुमला. "उजवी दोरी! उजवी! अगं, ती डावी! पाय आडवा टाक! गुडघा नको, पाऊल!" अख्खा पार्क थांबून बघत होता. काठावरची अनोळखी माणसंही "उजवी, काकू, उजवी" करू लागली. बूट खरेदीच्या वेळी मान खाली घालणारी माझी मुलगी डोंगराच्या टोकावर पालथी पडून आजीला हात देत होती आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

आई वर पोचल्या. बसल्या. खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "नको गं बाई." मागून टिटवीने ढकललं.

त्या पाण्यात गेल्या त्या पार आत गेल्या. क्षणभर नुसतं हिरवं पाणी. बाबा कपड्यांसकट, चपलांसकट गुडघाभर तळ्यात शिरले होते. मग जॅकेटने आईंना बुचासारखं वर फेकलं. केस सुटून चेहऱ्यावर आलेले, नाकातोंडात पाणी. त्यांनी केस बाजूला केले, श्वास घेतला आणि हसायला लागल्या. हसता हसता पुन्हा पाणी तोंडात, पुन्हा खोकला, पुन्हा हसू. त्यांच्या हसण्याला असा आवाज आहे हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

"अहो," त्या पाण्यातून ओरडल्या, "तुम्हीही या की!"

"माझं शर्टपँट..." बाबा म्हणाले.

"जाऊ द्या हो!"

ते आले नाहीत. जॅकेट न घालता कुणी आत यायचं नाही, असं शिट्टीवाल्याने त्यांना सांगितलं. बाबा निमूटपणे दोन पावलं मागे सरकले, आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

निघताना फाटकापाशी एक यंत्र होतं, तीन चेहरे असलेलं: एक हसरा, एक गप्प, एक रडका. आजचा दिवस कसा गेला, ते बटण दाबून सांगायचं. टिटवीने हसरा दाबला, मग गप्प दाबला, मग तिन्ही एकदम. काही झालं नाही. यंत्र बंद होतं.

"थांबा," बाबा म्हणाले, आणि भिजलेल्या चपला फचफच वाजवत परत खिडकीकडे गेले. निळ्या टोपीवाली मुलगी शटर ओढत होती. तिने त्यांना येताना पाहिलं आणि शटर धरून तशीच थांबली. बाबा वाकले. काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण टिटवी "बस आली, बस आली" म्हणून नाचत होती. मुलीने टोपी काढून हातात घेतली होती एवढं दिसलं.

बस आम्ही पळत पकडली. आईंचे केस ओलेच होते. बाबांनी त्यांना खिडकीजवळची जागा दिली आणि स्वतः कडेला बसून पँटचे पाय पिळले, तेही लोकांच्या नजरा चुकवून.

"काय सांगितलंत तिला?" मी मागच्या बाकावरून विचारलं.

"अगं, काही नाही," ते म्हणाले. "म्हटलं, उद्या डबा वेळेवर खा."

आई काही ऐकत नव्हत्या. त्यांना झोप लागली होती, आणि बाबांचा शर्ट खांद्यावर हळूहळू ओला होत चालला होता.